पूर्वसूचन, लघुकथेतील

लघुकथेच्या अखेरीस कथानकाला जी अनपेक्षित कलाटणी मिळते, तिची चाहूल आधीच्या मजकुरात पेरून ठेवण्याच्या योजनेस पूर्वसूचन म्हणतात. ही चाहूल पहिल्या वाचनात सहसा ध्यानात येत नाही. अंत कळल्यानंतर मात्र ती तेथे होती, हे वाचकाला मान्य करावे लागते. एखादे वाक्य, वस्तू, पात्राची सवय, नाव किंवा कथेचे शीर्षकही पूर्वसूचनाचे काम करू शकते. मराठीत सूतोवाच हा शब्द या अर्थाच्या जवळपास वापरला जातो. परंतु सूतोवाचात पुढील गोष्ट उघडपणे सांगण्यास आरंभ झालेला असतो, तर पूर्वसूचनात ती सांगूनही सांगितलेली नसते. शकुन-अपशकुनांहूनही ते वेगळे आहे. शकुन भविष्य वर्तवितो. पूर्वसूचन काहीच वर्तवीत नाही, तर अंताच्या वेळी लागणारी माहिती वाचकाच्या हाती अगोदरच देऊन ठेवते.

कलाटणीच्या कथेत लेखक व वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. वाचक चकित होण्यास तयार असतो, फसविले जाण्यास नसतो. ज्या माहितीवर अंत आधारलेला आहे ती लेखकाने शेवटच्या परिच्छेदापर्यंत दडवून ठेवली, तर वाचकाला धक्का बसतो खरा. पण तो धक्का कोणीही, कोणत्याही कथेच्या शेवटी देऊ शकला असता, हे त्याच्या लगेच लक्षात येते. मराठी समीक्षेत ‘धक्कातंत्र’ हा शब्द बहुधा निंदाव्यंजक अर्थाने रूढ झाला, तो अशा कथांमुळेच. उलटपक्षी तीच माहिती ठळकपणे मांडली, तर वाचकाच्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकते आणि उरलेली कथा तो केवळ आपला तर्क पडताळून पाहण्यासाठी वाचतो. या दोन अपयशांमधील वाट अरुंद आहे. म्हणून पूर्वसूचनाचा प्रश्न कथेच्या सजावटीचा नसून तिच्या प्रामाणिकपणाचा आहे.

भारतीय नाट्यविचारात या कल्पनेचे बीज फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘पताकास्थानक’ या योजनेचे चार प्रकार सांगितले असून, दहाव्या शतकातील धनंजयाच्या दशरूपकातही तिचा विचार आहे. एका प्रसंगी, एका हेतूने उच्चारलेल्या शब्दांतून पुढे घडणारी दुसरीच गोष्ट सूचित होणे, हे तिचे ढोबळ स्वरूप होय. भट्टनारायणाच्या वेणीसंहार नाटकाच्या दुसऱ्या अंकातील प्रसंग याचे उदाहरण म्हणून नेहमी दिला जातो. दुर्योधन पत्नी भानुमतीशी प्रेमालाप करीत आपल्या मांड्यांचा उल्लेख करतो, तोच कंचुकी धावत येऊन काहीतरी मोडल्याची वार्ता देतो. कोणी मोडले, या प्रश्नाला तो जो शब्द योजतो, त्याचा अर्थ ‘भीमाने’ असाही होतो आणि ‘भयंकर अशा (वाऱ्याने)’ असाही होतो. प्रत्यक्षात वाऱ्याने रथाचा ध्वज मोडलेला असतो. पण भीमाच्या गदेने होणारा ऊरुभंग प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे उभा राहून गेलेला असतो. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकातही सीतेचा विरह तेवढा असह्य, असे राम म्हणतो न म्हणतो तोच ‘आला आहे’ अशी वर्दी येते. आलेला असतो तो लोकापवादाची बातमी आणणारा दुर्मुख.

या उदाहरणांतील एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. महाभारत व रामायण ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ऊरुभंगाची किंवा सीतात्यागाची वार्ता नवी नव्हती. पताकास्थानकामुळे त्याला आश्चर्य वाटत नाही. जे त्याला माहीत आहे ते पात्राला माहीत नाही, या जाणिवेने तो व्याकूळ होतो. लघुकथेचा वाचक नेमक्या उलट स्थितीत असतो. त्याला अंत माहीत नसतो, आणि म्हणून सूचन ऐकूनही ते त्याला ऐकू येत नाही. नाट्यशास्त्रातील दुसरे एक सूत्र मात्र लघुकथेला थेट लागू पडते. निर्वहण संधीत, म्हणजे नाटकाच्या उलगड्यात, अद्भुत रस असावा असे भरत सांगतो. पण त्याच व्यवस्थेत हा उलगडा मुखसंधीत पेरलेल्या बीजाचेच फळ असावा, अशीही अपेक्षा आहे. आश्चर्य वाटावे, पण ते उपरे नसावे, ही अट येथे आधीच घातलेली दिसते.

आधुनिक लघुकथेच्या संदर्भात या तत्त्वाची स्पष्ट मांडणी एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना केली. कथेतून जो एक परिणाम साधावयाचा तो आधी निश्चित करून प्रत्येक वाक्य त्या परिणामाकडे नेणारे असावे, असे त्याचे मत होते. अंत प्रथम ठरवून आरंभ नंतर लिहिण्याची ही रीत पूर्वसूचनाला अनुकूल ठरली. अंतोन चेकॉव्ह यांच्या नावाने सांगितले जाणारे बंदुकीचे तत्त्व, म्हणजे आरंभी भिंतीवर बंदूक टांगलेली दाखविली तर पुढे ती उडालीच पाहिजे, हे वरवर पाहता हेच वाटते. पण त्या तत्त्वाचा रोख अनावश्यक तपशील टाळण्यावर आहे. टांगलेली बंदूक प्रेक्षकाला दिसते व तो तिच्या बाराची वाट पाहतो. पूर्वसूचनातील बंदूक भिंतीवर टांगलेली नसते. ती कोणीतरी दार उघडे राहावे म्हणून उंबऱ्याशी लावून ठेवलेली असते.

गी द मोपासां यांची १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेली रत्नहाराची कथा (‘ला पार्यूर’) जगभर वाचली गेली आहे. एका कारकुनाची बायको श्रीमंत मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मेजवानीसाठी मागून नेते, तो हरवतो, नवरा-बायको कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकला तसाच हार विकत घेऊन परत करतात आणि ते फेडण्यात दहा वर्षे हालअपेष्टा सोसतात. शेवटी कळते, की मूळ हार खोटा होता. त्याची किंमत फार तर पाचशे फ्रँक. या कलाटणीची चर्चा पुष्कळ झाली आहे, तिच्या तयारीची त्या मानाने कमी. हार मागताच मैत्रीण क्षणाचाही विचार न करता होकार देते. हरवलेल्या हाराच्या पेटीवर ज्या जवाहिऱ्याचे नाव असते त्याच्याकडे चौकशी केली असता तो म्हणतो, की हार आपल्या दुकानचा नव्हे, आपण केवळ पेटी पुरविली असावी. नवा हार परत दिला जातो तेव्हा मैत्रीण पेटी उघडूनही पाहत नाही. खऱ्या हिऱ्यांची मालकीण असे वागत नाही, हे या तिन्ही जागी सांगितलेले आहे. तरीही वाचकाला ते दिसत नाही, कारण प्रत्येक तपशील त्या त्या ठिकाणी दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. पहिल्याने मैत्रिणीचे औदार्य दिसते. दुसऱ्याने शोधाची आणखी एक वाट बंद होते. तिसऱ्याने तर नायिकेचा, व तिच्याबरोबर वाचकाचाही, जीव भांड्यात पडतो. पेटी उघडली नाही याचा आनंद झालेला वाचक ती का उघडली नाही हे विचारीत नाही.

सूचन ज्या जागी येते तेथे त्याला स्वतःचे, स्वतंत्र असे काम असले पाहिजे, हा नियम मोपासांच्या या एका कथेवरून सिद्ध होतो. ओ. हेन्री यांच्या ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ या कथेत तोच नियम एका आगकाडीच्या प्रकाशात पाळला गेला आहे. वीस वर्षांपूर्वीच्या वचनाप्रमाणे मित्राची वाट पाहत अंधाऱ्या दारात उभा असलेला इसम गस्तीच्या पोलीस शिपायाशी बोलताना चिरूट पेटवितो. काडीच्या उजेडात त्याचा चेहरा, भुवईजवळचा व्रण व टायपिनेतील हिरा दिसतो. शिपायाचा चेहरामोहरा मात्र लेखक वर्णीत नाही. प्रकाश एकावरच पडल्यामुळे वाचकही एकालाच पाहतो. तो शिपाईच मित्र होता आणि त्याच उजेडात त्याने शिकागोच्या पोलिसांना हवा असलेला गुन्हेगार ओळखला, हे शेवटच्या चिठ्ठीत उघड होते. ओ. हेन्री यांच्या अनुकरणकर्त्यांनी त्यांच्याकडून चिठ्ठी उचलली. आगकाडी उचलली नाही.

मराठीत कलाटणीच्या कथेची वाढ नियतकालिकांच्या आश्रयाने झाली. ह. ना. आपटे यांच्या करमणूक (१८९०) पत्रातील स्फुट गोष्टी आणि का. र. मित्र यांच्या मनोरंजन (१८९५) मासिकातून वि. सी. गुर्जर यांनी रूढ केलेली ‘संपूर्ण गोष्ट’ ही तिची आरंभीची रूपे. एका अंकात संपणाऱ्या गोष्टीला जागा मोजकी असे. त्यामुळे योगायोग व गैरसमज यांवर कथानक उभारून शेवटी ते झटक्यात सोडविण्याची प्रथा पडली. योगायोग ही मात्र पूर्वसूचनाच्या अभावाची खूण असते. दिवाकर कृष्ण यांनी कथेचे लक्ष घटनेकडून मनाकडे वळविल्यावर अशा योगायोगांची किंमत कमी झाली. पुढे ना. सी. फडके यांनी प्रतिभासाधन (१९३१) व लघुकथालेखन : मंत्र आणि तंत्र (१९५२) या ग्रंथांत कथेच्या बांधणीचा शास्त्रशुद्ध म्हणता येईल असा विचार केला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फडके दीर्घकाळ प्राध्यापक होते, आणि १९३८ पासून वि. स. खांडेकरही त्याच शहरात राहावयास आले. तंत्राला प्राधान्य देणारा एक व आशयाला प्राधान्य देणारा दुसरा, असे हे दोन लेखक एकाच गावी असल्याने त्या भागातील लिहू लागलेल्या तरुणांपुढे दोन्ही वाटा असत. खांडेकरांच्या रूपककथेचा अंतही अनेकदा कलाटणी देतो. पण ती घटनेची नसून अर्थाची असते, आणि तिच्यासाठी वेगळे सूचन लागत नाही, कारण अवघे रूपकच सूचन असते.

पूर्वसूचन प्रत्यक्षात कसे बांधले जाते, हे पाहण्यासाठी याच परिसरातील एक कल्पित कथासूत्र उपयोगी पडेल. कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास आपले जनक जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ वसविलेले व्यापारी गाव. आखणी करून वसविल्यामुळे त्याच्या गल्ल्या सरळ व समांतर असून त्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. या गावातील तंबाखूच्या एका वखारीत एक वृद्ध दिवाणजी आहेत, असे समजावे. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी पेढीच्या पैशांवरून भांडण होऊन घर सोडून गेला आहे. दिवाणजींनी घर बदलले आहे. पत्नीच्या आग्रहावरून ते मुलाला पत्र लिहितात : अमुक तारखेस ये, घर आता गल्ली क्र. ९ मध्ये, डाव्या हाताचे तिसरे. तो दिवस उजाडतो. घरात स्वयंपाक होतो, दिवाणजी वखारीतून लवकर परततात, संध्याकाळची गाडी येते आणि जाते. मुलगा येत नाही. दिवाणजी ताटावरून उठतात आणि यापुढे त्याचे नाव घरात निघू नये, असे बजावतात. काही महिन्यांनी मुलाचे पत्र येते. त्यात राग नाही. आपण आलो होतो. पहिल्या गल्लीतले डावीकडचे तिसरे घर बाहेरून कुलूपबंद होते. आपल्याला दार उघडावयाचे नव्हते हे समजले. पुन्हा त्रास देणार नाही, एवढेच त्यात असते.

या अंतासाठी वाचकाला दोन गोष्टी आधी ठाऊक असावयास हव्यात. पहिली अशी, की दिवाणजींचा नऊ हा आकडा एकासारखा दिसतो. देवनागरीतील १ आणि ९ यांची वळणे घाईच्या हस्ताक्षरात एकमेकांत मिसळतात, हे कोणत्याही पेढीवर ठाऊक असते. ही माहिती पत्र लिहिण्याच्या प्रसंगी दिली तर कथा तेथेच संपेल. म्हणून ती फार आधी, आणि विनोदाच्या वेषात, आली पाहिजे. कथेच्या आरंभीच वखारीत आठ रुपयांचा मेळ बसत नाही. दिवे लागेपर्यंत कीर्द व खतावणी ताडून पाहणे चालते, नव्या कारकुनावर संशय जातो, तो रडकुंडीस येतो, अखेर मालक हसून म्हणतात, “अहो दिवाणजी, तुमचा नऊ म्हातारपणी कमरेत वाकून एक झालाय!” सर्व हसतात, दिवाणजी ओशाळतात, चहा मागविला जातो. या प्रसंगाला स्वतःचे काम आहे. तो वखारीचे वातावरण उभे करतो, दिवाणजींचा काटेकोरपणा व त्यांचा लपविलेला थकवा दाखवितो आणि कारकुनावर उगाच संशय घेतला गेल्याने, न केलेल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होते, हे कथेचे सूत्रही अस्फुटपणे मांडतो. आठ हा आकडा वाचक विसरतो. नऊ वजा एक म्हणजे आठ, हे त्याला शेवटी आठवते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलाने गावात कोणाला तरी विचारले असते तर घर सापडले असते. छोट्या गावात दिवाणजींचे नाव सांगितले की पानाच्या ठेल्यावरील माणूसही बोट दाखवितो. त्याने विचारले का नाही? येथे कच्च्या लेखकाची कथा कोसळते. मुलगा मानी आहे, असे एका वाक्यात सांगून भागत नाही. म्हणून मधल्या भागात आईच्या आठवणीतून एक लहान प्रसंग यावा लागतो : शाळेच्या सहलीत वाट चुकलेला हा मुलगा दोन तास चालत राहिला, पण कोणाला रस्ता विचारला नाही, घरी आल्यावर म्हणाला, विचारले असते तर चुकलो हे कळले असते. आई हे कौतुकाने सांगते आणि वाचकही ते कौतुक म्हणूनच वाचतो. ही दोन सूचने पुरेशी आहेत. तिसरे घातले, उदाहरणार्थ पत्र टाकताना दिवाणजींचा हात थरथरला असे लिहिले, तर वाचकाचे लक्ष पत्त्याकडे जाईल व पहिल्या दोहोंचेही श्रम वाया जातील.

या कथासूत्रातील कलाटणी नवी बातमी देत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ती आधी वाचलेल्याच गोष्टींचा अर्थ बदलते. ताटावरून उठलेल्या बापाचा राग, आईचे गप्प बसणे, वखारीतील हशा, या सर्वांकडे वाचकाला पुन्हा पाहावे लागते. मुलगा वाटेत अपघातात मेला, असा अंत केला असता तर तोही अनपेक्षित ठरला असता. परंतु मागचे एकही वाक्य त्यामुळे बदलले नसते.

सूचन झाकण्याच्या रीती अनेक आहेत व प्रत्येक पिढी त्यांत भर घालते. एखाद्या यादीच्या मध्यावर महत्त्वाची वस्तू ठेवणे, कारण वाचकाला यादीची सुरुवात व शेवट आठवतो. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही अशा पात्राच्या तोंडी सत्य घालणे. एखाद्या उत्कंठावर्धक प्रसंगाच्या अगदी आधी ते उरकून टाकणे, या त्यांतील नेहमीच्या. रहस्यकथेत याच्या जोडीला चकवा योजतात, म्हणजे खोटे सूचन मुद्दाम ठळक करतात. चकवा आणि असत्य यांत अंतर आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांत गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही मिळाला पाहिजे, अशी अट आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) या कादंबरीत निवेदकच खुनी निघतो. त्यावर वाद झाला, पण त्या निवेदकाने कोठेही खोटे लिहिलेले नाही, तो फक्त काही मिनिटे वगळतो, असे लेखिकेच्या बाजूने म्हणता आले.

काही सूचने वापरून झिजली आहेत. वादळाची रात्र, विझणारी समई, हातून निसटून फुटणारा आरसा, टिटवीचे ओरडणे, यांनी वाचक सावध होतो खरा, पण कशाविषयी ते त्याला कळत नाही; ही सूचने नसून केवळ वातावरण असते. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या कथांतून मराठी भय-गूढकथेला जो वाचकवर्ग लाभला, तो असल्या साधनांना पुरता सरावलेला होता. मतकरींच्या गूढकथेचे बळ अनेकदा याच्या उलट, नित्याच्या घरगुती तपशिलात असते.

विज्ञानकथेत पूर्वसूचनाला आणखी एक जबाबदारी पार पाडावी लागते. ज्या वैज्ञानिक तत्त्वावर कलाटणी अवलंबून आहे ते वाचकाला आधी शिकवावे लागते, आणि शिकविले जात आहे हे त्याला जाणवूही द्यावयाचे नसते. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल ही मध्यवर्ती कल्पना आहे. शीर्षकातच ती ठेवलेली आहे. पण उजव्या सोंडेच्या गणपतीला मराठी घरात आधीपासून धार्मिक महत्त्व असल्याने वाचक ते शीर्षक भाविक अर्थाने घेतो. सूचन लपविण्यासाठी याहून प्रशस्त जागा मिळणे कठीण. याच लेखकाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तेव्हा आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून नारायण विनायक जगताप हे नाव धारण केले होते. कथेला पारितोषिक मिळाले. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ना. वि. ज. होतात, हेही एक पूर्वसूचनच होते आणि ते परीक्षकांच्या डोळ्यांसमोर होते.

छापील कथेपेक्षा सांगितलेल्या कथेत पूर्वसूचनाचे गणित बदलते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी लोकप्रिय केले. त्यांपैकी शंकर पाटील हे कोल्हापूर जिल्ह्यातीलच पट्टणकोडोलीचे. श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही. त्यामुळे जे शेवटी उपयोगी पडावयाचे ते त्याच्या स्मरणात राहिलेच पाहिजे, आणि स्मरणात राहावे म्हणून कथाकथनकार ते पुनरुक्तीने, एखाद्या पात्राच्या लकबीच्या किंवा पालुपदाच्या रूपात आणतो. प्रत्येक वेळी हशा होतो. शेवटच्या वेळी तेच पालुपद येते तेव्हा हशा होत नाही.

१९४५ नंतरच्या नवकथेने घटनाप्रधान बांधणी व तिच्याबरोबर कलाटणीचा अंतही बाजूस सारला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांत वाचकाला शेवटी चकित करणे हा हेतू राहिला नाही. पूर्वसूचन मात्र नाहीसे झाले नाही. ते घटनेकडून प्रतिमेकडे गेले. जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांच्या कथांत ते पुन्हा जवळजवळ पताकास्थानकाच्या मूळ रूपात आढळते : पात्राला जे शब्द साधे वाटतात त्यांत त्याची नियती बोलत असते. त्यांच्या ‘स्वामी’ या कथेत वाटसरूचे मठात जे आदरातिथ्य होते, तेच त्याच्या कैदेची सूचना असते. ही कलाटणी अखेरीस नसून आधीच येते आणि उर्वरित कथा तिच्या छायेत चालते.

मराठी भाषेची घडण या तंत्राला काही ठिकाणी अडविते, तर काही ठिकाणी साहाय्य करते. निवेदक स्त्री आहे की पुरुष हे शेवटपर्यंत लपवून ठेवणारी कथा इंग्रजीत सहज लिहिता येते. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ असे लिहावेच लागते आणि पहिल्याच क्रियापदाने रहस्य फुटते. लेखकाला मग ‘मला वाटले’, ‘माझ्या हातून घडले’ अशा रचनांचा आश्रय घ्यावा लागतो व सावध वाचक त्या अवघडलेपणावरूनच ओळखतो. याउलट नात्यांची संबोधने मराठी लेखकाला असे साधन देतात, की जे अन्यत्र दुर्मिळ आहे. एकत्र कुटुंबातील मुले थोरांचे ऐकून स्वतःच्या आईला वहिनी किंवा काकू, आणि वडिलांना दादा, भाऊ किंवा अण्णा म्हणत. पानभर ‘वहिनी’ म्हणून उल्लेखिलेली स्त्री निवेदकाची आई आहे हे अखेरीस उघड झाले, तर वाचकाची दिशाभूल झालेली असते, पण त्याला खोटे सांगितलेले नसते. अर्थात मधूनच त्या ‘वहिनी’ने निवेदकाच्या अंगावर रात्री पांघरूण घातले, त्याच्या परीक्षेसाठी उपास धरला, असे तपशील आलेले असले पाहिजेत.

अशी भाषेत किंवा लिपीत रुजलेली सूचने भाषांतरात टिकत नाहीत. जयसिंगपूरच्या दिवाणजींची कथा इंग्रजीत नेताना १ आणि ९ यांचे साम्य नाहीसे होते. तेथे भाषांतरकाराला एक व सात या आकड्यांचा आधार घेता येईल, कारण रोमन लिपीसोबत वापरल्या जाणाऱ्या आकड्यांत ते दोन हस्ताक्षरात सारखे दिसतात. पण मग घर नवव्या गल्लीतून सातव्या गल्लीत हलवावे लागते आणि वखारीतील तूटही आठाऐवजी सहा रुपयांची करावी लागते.